सॉना, सर्किट आणि शनिवारचे सहा

सॉना मंगळवारी बंद पडला आणि ते सगळ्यांना कळलं शुक्रवारी. मधल्या दिवसांत ज्यांची ज्यांची वेळ होती ते टॉवेल खांद्यावर टाकून तळघरात गेले, वाफेने घाम काढायच्या त्या सामायिक खोलीत गार लाकडी फळ्यांवर थोडा वेळ बसले आणि बहुधा आपलंच काहीतरी चुकलं असेल असं समजून मुकाट्याने वर आले. औलू शहरातली माणसं अशीच आहेत. शेजाऱ्याच्या घरातून धूर येताना दिसला तरी तो मुद्दाम काढत नाहीये ना, याची ते आधी खात्री करून घेतात. शुक्रवारी मात्र सोसायटीच्या अध्यक्ष राइली वाइनियो खाली गेल्या. अध्यक्षांचं चुकू शकत नाही. त्यांनी भिंतीवरच्या पॅनेलचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, मग पॅनेलला एक चापट मारली. आतून जळकट वास आला, तेव्हा कुठे पॅनेल वारल्याचं अधिकृतपणे जाहीर झालं.

सोसायटीचे व्यवस्थापक हान्नुला यांच्याकडे अशा बऱ्याच इमारती होत्या आणि प्रत्येक इमारतीला द्यायला एकच उत्तर होतं: "विषयाची नोंद घेतली आहे." या वेळी त्यांनी त्यात थोडी भर घातली. त्या पॅनेलच्या आतला बोर्ड आता कुणी बनवत नाही. म्हणजे पॅनेल बदलायचं, म्हणजे सॉना तापवणारी भट्टीही बदलायची, म्हणजे वसंतातल्या वार्षिक सभेची मंजुरी हवी. बाहेर नोव्हेंबर होता. नदी गोठायला लागली होती. वसंतापर्यंत सॉना नाही, हे ऐकून लोकांचे चेहरे असे झाले की एखाद्याला वाटावं, श्वासोच्छ्वासच वार्षिक सभेवर ढकललाय.

तातडीची सभा भरली. कॉफी होती, वेलदोडा घातलेले पाव होते, आणि नेहमीप्रमाणे सगळे भिंतीला लागून बसले होते.

"या इमारतीत फोनच्या कंपनीतून निवृत्त झालेली, किंवा कंपनीनेच निवृत्त केलेली, इतकी डोकी आहेत," राइली म्हणाल्या. "आणि एक भट्टी चालू-बंद करणारी डबी कुणाला बनवता येत नाही?"

सगळे आपापल्या कपात बघायला लागले. कारण बाई म्हणत होत्या ते खरं होतं आणि खोटंही होतं. फोन सगळ्यांनी बनवले होते, पण तुकड्यातुकड्यांनी. राइली स्वतः आयुष्यभर अँटेनाच्या खात्यात. दुसऱ्या मजल्यावरचा केइयो खरेदी खात्यात. त्याने सुटे भाग विकत आणले, पण ते कुठे बसतात हे पाहायला कधी गेला नाही. ओइवा सिपोला तपासणी खात्यात, म्हणजे फोन उंचावरून टाकणे, उकळणे, गोठवणे आणि मग "मोडला" असं लिहून वरती पाठवणे हा त्याचा पगारी व्यवसाय. मोठ्या लग्नात कुणी नुसती कोथिंबीर निवडावी, कुणी नुसता मठ्ठा ढवळावा, आणि जन्मात कुणीच एकट्याने वरण-भात केलेला नसावा, तशी ही सगळी मंडळी होती.

आणि ताउनो केम्पाइनेन? ताउनो सर्किट बोर्डाच्या आराखड्याच्या खात्यात होता खरा, पण त्याच्याकडे फोनचं खालचं टोक असे. चार्जरचं भोक असतं ना, त्याच्या आसपासची जागा. त्या जागेत त्याने नाव कमावलं होतं. नातेवाइकांत मात्र "आमच्या ताउनोने फोन बनवले" असाच बोलबाला होता, आणि हा गैरसमज दूर करायला त्याला कधी सवड झाली नव्हती.

"मी करतो," ताउनो म्हणाला.

शेजारी बसलेल्या ऐलाने, म्हणजे त्याच्या बायकोने, पाव खाता खाता विचारलं, "काय करतोस?"

"बोर्ड करतो. भट्टीची जड वीज इलेक्ट्रिशियनने बघायची, नियमच आहे. पॅनेलच्या आतला हलक्या विजेचा बोर्ड मी काढतो. त्यात काय एवढं?"

"आणि नाही चालला तर?" भिंतीकडून ओइवाचा आवाज आला.

"चालेल."

"मी ते विचारलं नाही."

इथे उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, दुसरं काय! ताउनो म्हणाला, "नाही चालला तर शनिवारचे सहा तुझे!"

सभेत कुणाच्या तरी बशीवर चमचा पडला. या इमारतीत प्रत्येक घराला सॉनाचा आठवड्यातला एक तास. शनिवारी संध्याकाळचे सहा म्हणजे तासांचा राजा. तो मागून मिळत नाही. आधीच्या घराने इमारत सोडावी लागते किंवा हे जग. ताउनो आणि ऐलाने केस पिकेपर्यंत वाट पाहिली, चौथ्या मजल्यावरच्या बाई मुलीकडे दक्षिणेला राहायला गेल्या, तेव्हा कुठे तो पदरात पडला. ओइवाकडे मंगळवारी दुपारचे दोन होते. ती वेळ फुकट वाटली तरी कुणी घेतली नसती.

"अनुमोदन?" राइलींनी विचारलं. सगळे हात वर गेले. एवढ्या जोमाने या सभेत याआधी कधीच काही मंजूर झालं नव्हतं.

घरी येऊन ऐलाने बूट काढले, कोट टांगला आणि मग बोलायला सुरुवात केली. "त्या सहांतला अर्धा तास माझा होता. विचारलंस मला?"

धर्मराजाने निदान आधी राज्य तरी पणाला लावलं होतं.

"चालेल गं," ताउनो म्हणाला.

"चालायलाच हवा," ऐला म्हणाली. "नाहीतर मी ओइवाशी बोलून माझा अर्धा तास परत घेईन आणि तू बसशील मंगळवारी दोनला."

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर संगणक आला आणि जेवण खिडकीच्या कट्ट्यावर गेलं. ऐलाने शाळेत भूगोल शिकवला होता. तिने पडद्याकडे पाहून विचारलं, "हे कुठलं शहर?"

"शहरच समज. हे तांब्याचे रस्ते. जिथे वीज जास्त तिथे रस्ता रुंद. रस्ते एकमेकांना खेटून न्यायचे नाहीत. काटकोनात वळवण्यापेक्षा जरा तिरके वळवायचे. आणि या काळ्या चिपच्या अगदी दाराशी एक छोटा कपॅसिटर ठेवायचा, म्हणजे तिला अचानक वीज लागली तर लांब जावं लागत नाही."

"किराणा दुकानासारखं."

"अगदी."

"मग हा रस्ता या विहिरीतून का गेलाय?"

ती विहीर नव्हती, स्क्रूचं भोक होतं, आणि रस्ता खरोखरच त्याला चाटून गेला होता. लोखंडी स्क्रू आवळला असता तर त्याच्या डोक्याखाली रस्ता चिरडून तिथेच सगळा कारभार आटोपला असता. ताउनो म्हणाला, "ते मी नंतर बदलणारच होतो." नवऱ्यांच्या भांडारातलं हे फार जुनं वाक्य आहे आणि ते कुठल्याही देशात चालतं.

आराखडा निम्मा झाल्यावर जिन्यात केइयो भेटला. या दोघांनी आजवर एकमेकांशी हवामानावरसुद्धा चर्चा केली नव्हती, पण सर्किट म्हटल्यावर केइयोच्या डोळ्यांत चमक आली. "चिप कुठली घेतलीस?" ताउनोने सांगितली. केइयो दुःखाने हसला. "उत्तम चिप. पुढच्या हिवाळ्यात मिळेल."

"काय सांगतोस!"

"आधी बाजारात काय आहे ते बघायचं, मग घर बांधायचं. तुम्ही आराखडेवाले नेहमी उलटं करता. आधी मुंडावळ्या, मग मुलगी." (केइयो फिनिश भाषेत काहीतरी घोड्याचं आणि खोगिराचं म्हणाला, पण आशय हाच.)

ताउनोने नवी चिप शोधली आणि सगळे रस्ते उकरून पुन्हा घातले. मग राइली आल्या. त्यांनी बोर्डाच्या खालच्या थराकडे पाहिलं आणि छातीवर हात ठेवला. तो थर म्हणजे सगळ्या विजेची परतीची वाट, अखंड तांब्याची चादर. ताउनोने एका बटणाची तार नेण्यासाठी तिला मधोमध चीर दिली होती.

"तू चादर फाडलीस?"

"थोडीशी, राइली."

"थोडीशी फाटलेली चादर ही फाटलेलीच चादर असते! गेलेली वीज परत कुठून येणार? वळसा घालून? आणि वळसा घालताना सगळ्या गावात बोंब मारत येणार. मी आयुष्यभर अँटेनांत ती बोंब ऐकली आहे."

चादर शिवली गेली. मग ताउनोने एक शहाणपणाची गोष्ट केली. बोर्डाचं चित्र खऱ्या मापात छापलं, पुठ्ठ्यावर चिकटवलं आणि पॅनेलच्या डबीत बसवून पाहिलं. बटणं भोकांसमोर येईनात. त्याने सगळी बटणं सरकवली, स्क्रूची भोकं सरकवली, मान मोडेपर्यंत काम केलं. मग ऐलाने छापील चित्रावर पट्टी ठेवली. छपाईयंत्राने कागदात मावावं म्हणून चित्र आपणहून किंचित आवळलं होतं. म्हणजे ताउनो बरोबर होता आणि त्याने तीन संध्याकाळी बसून स्वतःला चूक करून घेतलं होतं. सगळं पुन्हा मागे सरकवावं लागलं.

इथवरचं एक वेळ ठीक होतं. खरं संकट लोकशाहीच्या पावलांनी आलं. व्यवस्थापक हान्नुलांनी कळवलं की बोर्ड ही सामायिक मालमत्ता असल्याने आराखडा रहिवाशांच्या हरकतींसाठी खुला ठेवावा. म्हणून तो टपालपेट्यांशेजारी लावला. हरकतींची मुदत शुक्रवार संध्याकाळ. आणि ज्या माणसांनी लिफ्टमध्ये कधी "नमस्कार" म्हटलं नव्हतं त्यांनी त्या कागदाखाली निबंध लिहिले. एकीला बोर्ड हिरवा नको, निळा हवा, कारण हिरवा तिच्या मते रुग्णालयासारखा दिसतो. बोर्ड डबीत बंद राहणार आहे, तो कुणालाच दिसणार नाही, हे तिला मान्य होतं. पण आपल्याला माहीत तर असणार ना, असं तिचं म्हणणं. एकाला सगळी अक्षरं स्वीडिशमध्येही हवी होती. आणि एकाने लिहिलं की एवढा सामूहिक प्रयत्न होतोय, तर सोसायटीच्या समितीवरच्या सर्वांची नावं बोर्डावर असावीत, ठळक अक्षरांत, चष्म्याशिवाय वाचता येतील अशी.

यावर मतदान झालं. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, पण परमेश्वराला सर्किट काढावं लागत नाही. निळा रंग मंजूर झाला, नावंही मंजूर झाली. फिनिश नावं लांबीला कमी नसतात. त्यांना जागा करून देता देता ताउनोने बोर्डावरचे एकदोन भाग सरकवले आणि बारीकसारीक चिन्हं इकडची तिकडे केली: कुठे बाण, कुठे क्रमांक, आणि मोठ्या कपॅसिटरशेजारचं इवलंसं अधिकचं चिन्ह. ते आडवं येत होतं, म्हणून त्याने ते उचलून पलीकडच्या बाजूला ठेवलं. सभ्य गृहस्थ वाटेतली खुर्ची बाजूला करतो तसं.

बोर्ड आले. एक हवा असला तरी कारखाना मूठभर पाठवतो, त्यामुळे ताउनोचं टेबल निळंशार झालं. त्याने एकावर सुटे भाग ठेवले आणि एकेकाला सोल्डरचा डाग दिला. कपॅसिटर त्याने अधिकचं चिन्ह बघून बसवला. छापलंय ते आपणच छापलंय, आपल्यावर कशाला संशय घ्या?

उद्घाटनाला अख्खी इमारत तळघरात आली, बरेचसे आंघोळीच्या झग्यांत, कारण भट्टी तापली की लगेच आत जायचं होतं. राइलींनी छोटं भाषण केलं. इलेक्ट्रिशियनने तारा जोडल्या. समितीची नावं वाचून दाखवण्यात आली. ताउनोने बटण दाबलं.

फट्!

कपॅसिटरची टोपी उडाली, डबीच्या फटीतून बाहेर आली आणि थेट व्यवस्थापक हान्नुलांच्या कॉफीत पडली. पॅनेलमधून पांढऱ्या धुराची एक बट निघाली. कुणी ओरडलं नाही, कुणी हसलं नाही. झगे नुसते उभे राहिले. हान्नुलांनी कपात वाकून पाहिलं आणि ते म्हणाले, "याची नोंद घेतली आहे."

"अधिकचं चिन्ह उलट्या बाजूला आहे, म्हणून कपॅसिटर उलटा बसला आणि फुटला," ओइवा शांतपणे म्हणाला. "खालचा सोल्डरचा चौकोनी टाका बघितला असतास तरी कळलं असतं. अधिकची बाजू चौकोनी असते."

"तुला माहीत होतं?" ताउनोचा आवाज चिरकला. "मग बोलला का नाहीस?"

"हरकतींची मुदत शुक्रवारी संपली. मी चित्र शनिवारी पाहिलं."

आणि कमाल अशी की सगळ्या झग्यांनी माना डोलावल्या. मुदत म्हणजे मुदत. ताउनोलाही खोलवर कुठेतरी ते पटलं, आणि पटल्यामुळे जास्तच लागलं.

वर येऊन तो सोफ्यावर भिंतीकडे तोंड करून पडला. सुंभ जळला होता, पण पीळ शाबूत होता. "मी चूक नव्हतो," तो भिंतीला म्हणाला. "नावं चूक होती."

"बोर्ड अजून आहेत ना?" ऐलाने विचारलं.

"आहेत. पण पैज गेली."

"पैज गेली ती गेली. सॉना कुठे गेलाय? लोक हिवाळाभर घामाविना बसतील, त्यांचं काय?" मग ती म्हणाली, "आणि या वेळी बोर्ड लावण्याआधी मोडणाऱ्याला दाखव."

हे औषध कडू होतं. ताउनोने दुसऱ्या बोर्डावर सगळं नीट बसवलं, प्रत्येक भाग मूळ आकृतीशी ताडून पाहिला, आणि तो घेऊन तळमजल्यावर ओइवाच्या दाराशी उभा राहिला. बेल वाजवण्याआधी त्याने दोनदा परत फिरून पाहिलं. ओइवाने दार उघडलं.

"बघतोस का?" ताउनो म्हणाला.

"मुदत कधीपर्यंत?"

"मुदत नाही."

ओइवाच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला दुसऱ्या गावात आनंद म्हटलं असतं. त्याने बोर्ड घेतला, बाल्कनीत बर्फावर ठेवला, मग किटलीच्या वाफेवर धरला, मग डबीत घालून फरशीवर टाकला, मग उचलून पुन्हा टाकला. ताउनो खुर्चीवर बसून स्वतःचं पोर विहिरीत सोडल्यासारखा बघत राहिला. घर नीटनेटकं होतं. खुंटीवर एकच कोट होता, ओट्यावर एकच कप. बायको गेल्यापासून ओइवाकडे कुणी आलेलं नसावं हे ताउनोला तेव्हा जाणवलं, आणि इतकी वर्षं एकाच इमारतीत राहून आपण एकदाही ही बेल वाजवली नाही याची त्याला मनापासून लाज वाटली.

"वाफेने टाके काळे पडतील," ओइवा शेवटी म्हणाला. "वरून लाखेचा थर दे. आणि ही तार हिसडली तर सांधा उपटेल, तिला एक चिमटा लाव. बाकी मला मोडता आला नाही."

तपासणी खात्यातल्या माणसाकडून ही पदवीच होती. लाख लागली, चिमटा लागला, इलेक्ट्रिशियन पुन्हा आला, आणि या खेपेला भाषण न करता बटण दाबलं गेलं. भट्टी लाल झाली. दगड तापले. तळघराच्या जिन्यातून ओल्या लाकडाचा वास वर चढला आणि मजल्यामजल्यावरची दारं आपोआप किलकिली झाली.

त्याच संध्याकाळी ताउनो टपालपेट्यांपाशी गेला आणि वेळापत्रकावर शनिवारच्या सहापुढचं आपलं नाव त्याने स्वतःच्या हाताने खोडलं. राइली म्हणाल्या, "बोर्ड चालला की रे. सभा बोलवू का?" ताउनो म्हणाला, "पहिल्यांदा नाही चालला. शब्द म्हणजे शब्द." घरी त्याने ऐलाला सांगितलं तेव्हा ती सूप जरा जोरात ढवळत राहिली.

शनिवार उजाडला. सहा वाजून गेले. ताउनो आणि ऐला दूरदर्शनसमोर बसले होते आणि दोघांपैकी कुणीही काय चाललंय ते पाहत नव्हतं. इतक्यात बेल वाजली. दारात ओइवा, झग्यात, डोक्यावरून वाफा निघताहेत.

"पॅनेल सत्त्याऐंशी दाखवतंय," तो म्हणाला. "माझं थर्मामीटर शहाऐंशी."

"एका डिग्रीसाठी तू जिने चढून आलास?"

"दोष तो दोष. चल, बघ."

ताउनो धुसफुसत खाली गेला. पॅनेल सत्त्याऐंशी दाखवत होतं खरं. "आतलं थर्मामीटर वाचायला आत यावं लागेल," ओइवा म्हणाला. "आणि ते स्थिर व्हायला वेळ लागतो." कपडे घालून शहाऐंशी डिग्रीत कोण बसणार? ताउनोने कपडे काढले आणि वरच्या फळीवर बसला. ओइवाने पळीभर पाणी दगडांवर टाकलं. वाफ खांद्यावर उतरली. दोघं काहीच बोलले नाहीत, आणि औलूमध्ये याहून मोकळ्या गप्पा होत नाहीत.

अर्ध्या तासाने ओइवा उठला. "एकट्याच्या मतावर दोष नोंदवता येत नाही. ऐलालाही पाठव. तिचं मत लागेल." आणि तो टॉवेल उचलून निघून गेला.

पुढच्या शनिवारी सहाला बेल वाजली. त्याच्या पुढच्या शनिवारीही वाजली. ऐला आता पावणेसहालाच टॉवेल काढून ठेवते. चूक कुठे आहे हे ताउनोला पहिल्याच दिवशी कळलं होतं: समितीच्या नावांना जागा करताना त्याने एक तापणारा भाग तापमान मोजणाऱ्या भागाच्या कुशीत नेऊन बसवला होता. उपायही सोपा होता. चिपमधल्या एका आकड्यातून एक वजा करायचा, कॉफी गार व्हायच्या आत झालं असतं.

"केलंस का दुरुस्त?" ओइवाने वरच्या फळीवरून विचारलं.

"अजून नाही," ताउनो म्हणाला. "जरा गुंतागुंतीचं आहे. पुढच्या शनिवारी बघू."

"घाई नाही," ओइवा म्हणाला, आणि त्याने दगडांवर आणखी एक पळी पाणी टाकलं.